जुना ट्रॅक्टर घ्यायचाय: तीन सिलिंडर की चार? इंजिनावरून ठरवायला मदत हवी

सासवडरोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राहायला हडपसरला, शेत सासवडच्या पुढे, सहा एकर. दोन एकर सीताफळ, एक एकर अंजीर, बाकी वाटाणा, कांदा, बाजरी. आजवर सगळी मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरवर होती. यंदा वाटाण्याला चांगला वापसा (पेरणीजोगी ओल) आला आणि ट्रॅक्टर मिळेपर्यंत आठ दिवस गेले. वापसा उडाला. वडील काही बोलले नाहीत, पण रोज सकाळी बांधावर उभं राहून रस्त्याकडे बघायचे, ते डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हाच ठरवलं की आता स्वतःचा घ्यायचा.

बजेट दुरुस्तीसकट तीन लाख, म्हणजे पंधरा-वीस वर्षं जुनाच मिळणार. काम म्हणाल तर पाच फुटी रोटाव्हेटर, फणाची पाळी, सरी, शेणखत आणि कांद्याची ट्रॉली. सध्या नजरेत आहेत महिंद्रा ४७५ डीआय, स्वराज ७३५ एफई, मॅसी १०३५ आणि एका एजंटाने दाखवलेली फोर्ड ३६००.

रंग, टायर, हुड याचं मला काही नाही. मला इंजिन समजून घ्यायचंय. कोणी म्हणतं चार सिलिंडर स्मूथ चालतं, कोणी म्हणतं तीन सिलिंडर डिझेल कमी खातं. खरं काय? जाणकारांनी सविस्तर लिहा ही विनंती.

घोडकाठ

भाऊ, मी शिरूर तालुक्यातला, ऊसवाला. माझ्याकडे स्वराज ८५५ आहे, तीन सिलिंडर. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे लावून कारखान्याच्या रस्त्याने ओढतो. चढाला आवाज बसतो पण गाडी बसत नाही. म्हणून माझं मत तीन सिलिंडरकडे. पण तुमच्या सहा एकरांना ८५५ कशाला, ७३५ भरपूर झाली.

नांगरट

मी भोसरीत मशीन शॉपमध्ये इंजिनिअर आहे आणि घरची शेती जुन्नरला. तीन-चार सिलिंडरच्या वादात लोक आकडे बघत नाहीत, म्हणून आधी आकडे मांडतो.

महिंद्रा ४७५ डीआय: चार सिलिंडर, २७३० सीसी, ४२ एचपी, १९०० आरपीएम.
स्वराज ७३५ एफई: तीन सिलिंडर, २७३४ सीसी, ४० एचपी, १८०० आरपीएम.

सीसी बघा, जवळपास तेवढंच. फक्त एकाने ते चार भांड्यांत वाटलंय, दुसऱ्याने तीन. महिंद्राचं एक सिलिंडर साधारण ६८२ सीसीचं पडतं, स्वराजचं ९११ चं. आता ओढ काढू. एचपीला ७०२४ ने गुणायचं आणि आरपीएमने भागायचं, की न्यूटन मीटरमध्ये टॉर्क मिळतो. महिंद्राचा येतो १५५, स्वराजचा १५६. म्हणजे पूर्ण ताकदीच्या आरपीएमला दोघांची ओढ सारखीच! मग सणसवाडीत बनलेली जॉन डिअर ५३१० घ्या, ५५ एचपी आणि २४०० आरपीएम. टॉर्क येतो १६१. स्वराजपेक्षा एचपी पंधराने जास्त, पण त्या बिंदूवर टॉर्क फक्त पाचाने. जादा एचपी बहुतेक फिरण्याच्या वेगातून आलीय. अर्थात टर्बो असलेली गाडी आरपीएम उतरल्यावर टॉर्क किती वाढवते तो वेगळा भाग, आणि शेतात उपयोग त्याचाच होतो. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे, तिच्या अहवालात हा टॉर्क बॅकअप दिलेला असतो. तुमच्या मॉडेलचा अहवाल सापडला तर आधी तेच पान काढा.

फरक पडतो तो चालण्यात. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या प्रत्येक १८० अंशांना एक ठोका बसतो, तीनमध्ये २४० अंशांना. म्हणून स्लोला (उभ्या गाडीत, कमीत कमी आरपीएमवर) तीनवाली गाडी जरा हलते. आपल्याकडे तेवढ्यावरून "इंजिन खराब आहे" असं म्हणतात. ते खरं नाही.

डिझेलचं म्हणाल तर सिलिंडरच्या संख्येवर काही नाही, लोडवर आहे. जुनं पण ठीक अवस्थेतलं डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन एका एचपीला तासाला साधारण १७५ ग्रॅम डिझेल घेतं असं धरा. ४० एचपी पूर्ण ताकदीने तासभर चाललं तर सात किलो, म्हणजे सव्वाआठ-साडेआठ लिटर. ट्रॉलीला याच्या निम्मंही लागत नाही. नोझल (डिझेलचा फवारा मारणारं तोंड) झिजलेलं असेल, डिझेल पंपाचं टायमिंग सरकलेलं असेल, तर तीन असो की चार, दोन्ही पितात.

पाना_तेरा

नांगरट साहेबांनी हिशेब बरोबर मांडला. मी यवतला मिस्त्री आहे, सत्तावीस वर्षं इंजिनं उघडतोय. आता माझ्या बाजूने सांगतो.

जुनी गाडी घेताना तुम्ही गाडीबरोबर तिचं पुढचं इंजिनकाम विकत घेता. हे काम आज ना उद्या येणारच, म्हणून आत्ताच विचारायचं की हे इंजिन बांधायला काय लागेल, कुठे बांधून मिळेल आणि किती दिवस गाडी उभी राहील.

तीन सिलिंडर म्हणजे तीन पिस्टन, तीन लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), तीन नोझल, सहा व्हॉल्व्ह. चार म्हणजे सगळं एकेक जास्त, व्हॉल्व्ह दोन जास्त. पण हे एवढ्यावर संपत नाही. महिंद्राच्या २६५ डीआयला २०४८ सीसी आहे, भागिले तीन करा, परत ६८२ च येतात. ज्या मापाची गाडी गावोगाव आहे त्या मापाचा माल दुकानदार भरून ठेवतो आणि भावही आटोक्यात राहतो. म्हणून चौथ्या पिस्टनचा खर्च फार मोठा समजू नका.

मोठी गोष्ट लायनरची. तीन प्रकार ध्यानात ठेवा.

ओला लायनर: बाहेरून थेट पाणी लागतं, खाली रबरी रिंगा असतात. जॉन डिअरच्या २.९ लिटरच्या इंजिनाला असा असतो, झेटर घराण्यातल्या एचएमटीलाही असाच. चांगलं हे की ब्लॉक हलवायची गरज नाही, शेडमध्येच जुना ठोकून काढा, नवा बसवा. वाईट हे की रिंग गेली की पाणी थेट चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. दुसरं म्हणजे चालताना लायनर बारीक थरथरतो, पाण्यात बुडबुडे होतात आणि लायनरच्या अंगावर फुटतात. असं हजारो तास झालं की सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. कूलंट घातलं तर हे फार कमी होतं. आपल्याकडे दौंड-शिरूर पट्ट्यात रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी ओततात. त्याने आत चुन्यासारखा थर धरतो, वर गंजही चढतो. इंजिन गरम होण्याची निम्मी कारणं मला तिथेच सापडतात.

कोरडा लायनर: ब्लॉकच्या लोखंडात बसवलेला, पाणी लागत नाही. पर्किन्सच्या जुन्या ३.१५२ घराण्याचं हे वैशिष्ट्य. चेन्नईच्या सिम्पसनने पर्किन्सच्या परवान्याने तीच इंजिनं भारतात बनवली आणि मॅसीच्या गाड्यांतून ती गावोगाव गेली. इथे पाणी ऑइलमध्ये जायची भीती कमी. पण लायनर बदलायचा तर बहुतेक वेळा ब्लॉक उतरवून बोअरिंगवाल्याकडे न्यावा लागतो. चार-पाच दिवस जास्त धरा.

लायनरच नाही असा ब्लॉक: फोर्डच्या तीन सिलिंडर इंजिनाला मुळात लायनर नव्हता, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये. झिजल्यावर बोअर वाढवून मोठा पिस्टन घालायचा, नाहीतर बोअर करून स्लीव्ह ठोकायचा. ३६०० दमदार गाडी आहे, माझ्या काकांकडे वर्षानुवर्षं होती. पण आज घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की बोअर किती वेळा वाढवलाय.

मुळशीभात

थोडं वेगळं मत मांडते. आमच्याकडे चिखलणीचं काम असतं, गाडी तासन् तास एका आरपीएमवर आणि पाण्यात. आमची ३० एचपीची तीन सिलिंडर गाडी बारा वर्षं हे काम करतेय, इंजिन अजून उघडलेलं नाही. दर अडीचशे तासांना ऑइल-फिल्टर, रोज सकाळी एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल बघायचं, एवढाच नेम. सासवडकडे धूळ जास्त. ऑइल बाथ एअर क्लीनरमध्ये चिखल साठलेला दिसला तर समजा की ती धूळ पिस्टनपर्यंत गेली आहे. गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला न विचारता आधी ती वाटी सोडवून बघा. सगळ्या कागदपत्रांपेक्षा ती जास्त सांगते.

सासवडरोड (धागाकर्ता)

ताई, पानादादा, नांगरट, मनापासून आभार. डोक्यातला गुंता बराच सुटला. डिझेल पंपाबद्दल पण सांगा. एका गाडीला लांबट पंप दिसला, एकीला गोल. एजंट म्हणतो गोल पंपवाली घेऊ नका.

पाना_तेरा

एजंटाचं अर्धं बरोबर.

लांबट तो इनलाइन पंप, आपल्याकडे अजून "मायको पंप" म्हणतात, कंपनीचं नाव बॉश होऊन कैक वर्षं झाली तरी. यात प्रत्येक सिलिंडरला वेगळा एलिमेंट. खालच्या कॅमला ऑइलचं वंगण मिळतं. डिझेलमध्ये थोडा कचरा आला तरी तग धरतो. जड असतो, पण टिकतो.

गोल तो रोटरी, डीपीए म्हणतात. एकच रोटर फिरतो आणि सगळ्या सिलिंडरना पाळीपाळीने डिझेल वाटतो. त्याला वंगण डिझेलचंच. डिझेलमध्ये पाणी आलं, किंवा टाकी रिकामी होऊन पंप कोरडा फिरला, की आतला रोटर ओरखडतो. म्हणून रोटरीवाल्या गाडीचं फिल्टर आणि खालचा पाण्याचा कप याकडे दुर्लक्ष चालत नाही. पण सांभाळला तर तोही वर्षानुवर्षं जातो, आणि कॅलिब्रेशन करणारे पुण्यात भरपूर आहेत. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या सालच्या गाड्यांना वेगळा पंप असू शकतो, म्हणून नावावर जाऊ नका, बॉनेट उघडून बघा.

एक खूण सांगतो. गरम झाल्यावर बंद केलेली गाडी लगेच उचलत नसेल आणि थंड झाल्यावर बरोबर उचलत असेल, तर रोटरी पंप आतून झिजलाय असा संशय धरायचा. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या रोटरमधून निसटतं, दाब तयार होत नाही.

आईची शेती

माझा अनुभव लिहिल्याशिवाय राहवत नाही. सात वर्षांपूर्वी मी आणि आईने मिळून जुना ट्रॅक्टर घेतला. इंजिन खरंच उत्तम होतं, कुठे धूर नाही, ऑइल खात नाही. पण मॉडेल बंद झालेलं. ऐन पेरणीत वॉटर पंप गेला. नाना पेठेतली सगळी दुकानं पालथी घातली, मिळाला नाही. शेवटी एका खरादवाल्याने दुसऱ्याच गाडीचा पंप घासून बसवून दिला. त्यात सोळा दिवस गेले. आईने तेव्हा दागिना मोडून भाड्याची पेरणी करून घेतली. इंजिन कितीही चांगलं असू दे, त्याचा माल तुमच्या तालुक्यात मिळतो का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. कळकळीने सांगते.

नांगरट

ताईंचा मुद्दा फार मोलाचा आहे. पिंजोरच्या एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायला केंद्राने २०१६ मध्ये मंजुरी दिली. आपल्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सनेही २०२४ मध्ये ट्रॅक्टर बनवणं थांबवलं. दोघांच्या जुन्या गाड्या आजही शेतात काम करतायत, पण घेणाऱ्याने मालाची चौकशी आधी करावी.

उलट स्वराजचं बघा. त्यांच्या इंजिनामागे किर्लोस्करचं तंत्र आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स म्हणजे १९४६ पासूनची आपली खडकीची कंपनी. पंपावरची, जनरेटरवरची किर्लोस्कर इंजिनं उघडलेले मिस्त्री आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. हा हात बसलेला असणं फार उपयोगी पडतं.

घोडकाठ

आणि स्वराजच्या ह्या इंजिनांना प्रत्येक सिलिंडरला वेगळं हेड असतं हे विसरू नका. गॅस्केट गेलं तर तेवढं एकच हेड उचलायचं. माझं मधलं गॅस्केट गेलं होतं, दुपारी उघडलं आणि संध्याकाळी गाडी रस्त्यावर.

सासवडरोड (धागाकर्ता)

आता प्रत्यक्ष बघायला जातोय रविवारी. पानादादा, माझ्यासारख्याने हत्यारं नसताना इंजिन कसं तपासायचं? क्रमाने सांगाल का?

पाना_तेरा

आधी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटखाली हात घालून ब्लॉकला लावा. गरम लागला तर चहा प्या, दोन तास थांबा. खरं इंजिन थंड असतानाच कळतं.

चालू करायच्या आधी रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग आहे का? मग डिपस्टिक काढा. ऑइल ताकासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी गेलंय, नमस्कार करून परत या.

आता स्टार्टर. निरोगी इंजिन एक-दोन झटक्यात घेतं. सुरू होताना थोडा पांढरा धूर येऊन गेला तर चालतं. तो राहिला तर कॉम्प्रेशन कमी किंवा नोझल खराब. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. काळा धूर लोडवर थोडा येणारच, पण रिकामी रेस दिल्यावर भकभक करत असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी.

मग ब्रीदर, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी. ही सगळ्यात महत्त्वाची जागा. इंजिन गरम झाल्यावर ब्रीदरच्या नळीपुढे तळहात धरा. हलकी वाफ ठीक. भात्यासारखी हवा मारत असेल आणि हाताला ऑइलचे थेंब लागत असतील तर पिस्टनच्या कडेने दाब खाली येतोय. फुल इंजिनकाम धरून चाला.

रेडिएटरचं झाकण काढायचं असेल तर गाडी थंड असतानाच काढा आणि तसंच सुरू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर गॅस्केट किंवा हेडला तडा.

ऑइल प्रेशर थंड असताना सगळेच दाखवतात. अर्धा तास रोटर (रोटाव्हेटर) चालवून मग स्लोला बघा. काटा खाली बसला तर बेअरिंग-क्रँक झिजलेत.

शेवटचं, हे मालकाच्या परवानगीने आणि मिस्त्री बरोबर असेल तरच. गाडी स्लोला ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा ढिला करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटलं की आवाज बदलायला हवा, आरपीएम उतरायला हवेत. ज्याचा नट सोडल्यावर काहीच फरक पडत नाही ते सिलिंडर आधीच झोपलेलं. डिझेलच्या फवाऱ्याजवळ हात नेऊ नका, तो कातडीच्या आत शिरतो.

तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. जुने मीटर इंजिनच्या फिरण्यावर चालतात, स्लोला तासभर चालली तर मीटरला तास भरत नाही. आणि केबल तुटली तर वर्षानुवर्षं तुटलेलीच असते. क्लच-ब्रेकच्या पेडलची झीज बघा, ती खोटं बोलत नाही.

मुळशीभात

कागदाचंही दोन ओळीत सांगते. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा, असेल तर उतरल्याचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. पंधरा वर्षं झालेली असतील तर नूतनीकरण झालंय का बघा. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडा. इंजिन बदललेली गाडी असेल तर नंबर तिथेच चुकतो.

सासवडरोड (धागाकर्ता)

रविवारी तीन आणि मंगळवारी दोन, अशा पाच गाड्या बघून आलो. कुठली कुठली ते लिहीत नाही, कारण जे खराब दिसलं ते मालकाच्या निष्काळजीपणाचं होतं, कंपनीचं नव्हे.

एकाने आधीच गाडी गरम करून ठेवली होती. हात लावून सांगितलं की थांबतो, तर म्हणाला दुसरं गिऱ्हाईक येतंय. निघून आलो. एकीच्या ब्रीदरमधून एवढी हवा येत होती की समोर धरलेलं वाळलेलं पान उडालं. रंग मात्र कोरा करकरीत. एकीच्या एअर क्लीनरच्या वाटीत दोन बोटं जाड चिखल होता, ताईंची आठवण झाली. चौथीचं इंजिन चांगलं वाटलं, पण कागदावर बोजा आणि मालक टाळाटाळ करत होता.

पाचवी शिरूरजवळची स्वराज ७३५ एफई. एकच मालक, वय सत्तरच्या पुढे, मुलं चाकणला कंपनीत. थंड इंजिन दुसऱ्या झटक्याला उचललं. अर्धा तास रोटरवर चालवली. ऑइल प्रेशर स्लोला थोडं उतरलं, ब्रीदरला हवा थोडी जास्त. आजोबांनी स्वतःच सांगितलं, "बाळा, ऑइल खाते थोडं. मी लपवणार नाही." वहीत प्रत्येक ऑइल बदलाची तारीख लिहिलेली आहे.

विसार दिला आणि पानादादांना यवतहून बोलावलं. त्यांनी एकच हेड उचललं. वेगळी हेडं असल्याचा फायदा तिथेच कळला. बाकी दादा सांगतील.

पाना_तेरा

लायनरला वरच्या बाजूला नखाला लागेल अशी पायरी, म्हणजे झीज आहे, पण उभे ओरखडे नाहीत. चेंबर काढून एक बेअरिंग पाहिलं. मागे दहाच्या मापाचे (इंचाचे दहा हजारांश कमी) शेल लिहिलेले, म्हणजे क्रँक एकदाच घासलाय. अजून वीस आणि तीसला वाव आहे. नोझल तिन्ही बदलायला हवीत. मी सांगितलं, घ्या. लायनर-पिस्टन, बेअरिंग, नोझल, पंपाचं कॅलिब्रेशन आणि रेडिएटर साफ, एवढं काम. बजेटमध्ये बसतंय.

सासवडरोड (धागाकर्ता)

घेतली. काम होऊन काल गाडी घरी आली. वडिलांनी पहिल्यांदा सीटवर बसून नुसतं स्टिअरिंग धरलं, चालू केली नाही. मग उतरून नारळ फोडला. सोमवारी कांद्याच्या रानात रोटर लावायचा विचार आहे. चालेल ना दादा?

पाना_तेरा

सोमवारी रोटर नको. पहिले वीस-पंचवीस तास फणाची हलकी पाळी आणि अर्धी भरलेली ट्रॉली. आरपीएम कमी-जास्त करत राहा, फार वेळ स्लोला उभी ठेवू नका, नवीन रिंगा लायनरला बसायला थोडा लोड लागतोच. पन्नास तासांना ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मी येऊन बघतो. आणि रेडिएटरमध्ये आजच कूलंट भरून घ्या, बोअरचं पाणी वडिलांनी ओतलं असेल तर काढून टाका.

सासवडरोड (धागाकर्ता)

ओतलंय. आत्ता काढतो.